पाठ उघडी, तोंड झाकलेलं

मंगळवार, होळीच्या आधी, सन १९६२

नातसून सोनी रडत घरी आली, म्हणून चूल म्या म्हातारीनं फुंकायची का? सोनी यवतमाळच्या दवाखान्यात हाडं बसवायचं शिकून राह्यली. तिथं बाया एकमेकींची पाठ दाबून शिकतात. आज हिची पाळी होती. पोलकं काढ म्हणताच हिनं काढलं. आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात त्याची कसली लाज? उघड्या पाठीची कांचळी घालूनच म्या जन्मभर घाटंजीचा बाजार केला. पण शिकवणारा डाक्टर सासऱ्याच्या वयाचा, म्हणून हिनं छातीपर्यंत घुंगट ओढला.

डाक्टर म्हणे, "बाई, तोंड दाखव. कुठं दुखते ते तोंडावरच दिसते."

हिनं नाही दाखवलं. बाकीच्या बाया हसल्या, "पाठ उघडी अन् नाक झाकलं!" डाक्टर म्हणे, उद्या घुंगट घरी ठेवून ये, नाहीतर येऊ नको.

म्या म्हटलं, "असं काय रूप सांडून चाललं होतं तुह्या थोबाडावरून?" ती भिंतीकडं तोंड करून पडली. जास्त झालं का? होऊ दे. घुंगट म्याही सासऱ्यापुढं घेतला, पण सासरा काही माही हाडं तपासत नव्हता.

नातू किसन म्हणे, "बस झालं शिक्षण." त्याले वावरात फुकटची मजूर पाहिजे. मले तरी कुठं तिची दया? माही कंबर दाबाले कोणी शिकलेलं पाहिजे.

सकाळी ती जाते का नाही, हे किसननं सांगायचं नाही, म्याही नाही. सोनीनंच सांगावं, अन् आमच्या डोळ्यात पाहून सांगावं.