कोणीच काही लिहिलं नाही

नारीन, बुधवार

प्रिय बेगायिम,

'प्रिय' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नकोस. पत्र असंच सुरू करतात असं शाळेत शिकवलं, म्हणून लिहिलं. बारा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि कालपर्यंत लिहिणारही नव्हते. पण काल तुझ्या आईला माती दिल्यावर सातव्या दिवशी, अंगणात उभारलेल्या लोकरी तंबूच्या, युर्तच्या दाराशी उभी राहून तू एक वाक्य बोललीस. मी पाच पावलांवर चुलीपाशी पाहुण्यांसाठी पिठाचे बोरसोक तळत होते. वाक्य ऐकलं आणि कढईतला घाणा करपला. तू शुक्रवारी शिकागोला परत जाणार आहेस. त्याआधी तुला खरं कळलं नाही, तर ते वाक्य तू तसंच सोबत नेशील आणि तिकडे बसून तुझ्या चाळीस हजार चाहत्यांना ऐकवशील. ते मी होऊ देणार नाही. त्या वाक्याकडे शेवटी येते. आधी माझं ऐकून घे, कारण तू मला कधी बोलू दिलंच नाहीस.

काल तू मला ओळखलंस आणि मान फिरवलीस. छान केलंस. मीही तेच करणार होते, तू आधी केलंस एवढंच.

आपली ओळख कशी झाली ते आठवतं? ब्लॉगवर तुझं नाव 'दोन वेण्या' आणि माझं 'उणे तीस'. त्या हिवाळ्यात मी ब्लॉगवर लिहिलं होतं की आमच्या गावात इतकी थंडी आहे, दोरीवरची बाबांची विजार उभी करून ठेवली तर दाराशी पाहुण्यासारखी उभी राहते. खाली तुझी पहिली कॉमेंट आली : "आमच्याकडेही असाच एक पाहुणा आलाय, त्याला चहा विचारला तर बोलत नाही." मी हसून हसून पडले. तीन महिने आपण रोज लिहीत होतो, आणि मग कळलं की तू चारच गल्ल्या पलीकडे राहतेस. एकाच दुकानातून पाव आणत होतो आपण. रांगेत मागेपुढे उभ्या असू, एकमेकींच्या पाठी बघत. नंतर भेटायला लागलो तरी खरं बोलणं ब्लॉगवरच व्हायचं. समोरासमोर आपण लाजायचो. तुझ्या आईला ते भारी गमतीचं वाटायचं. "दोघी घुम्यासारख्या बसल्यात, काय गं, तोंडाला कुलूप? जा, दोन खोल्यांत बसून टाइप करा," असं म्हणून तिनं आपल्या हातात चहाच्या वाट्या दिल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात आपल्या साइटवरचे अकरा जण इस्सिक-कुल तळ्याच्या काठावर जमलो. ती तीन दिवसांची सहल मी अजून विसरलेली नाही, विसरायचा प्रयत्न केला तरी. 'म्हातारा कोल्हा' म्हणजे चोवीस वर्षांचा मास्तर एर्निस्त निघाला. 'टायर' नाव घेणाऱ्या उलाननं पुढे खरंच टायरचं दुकान टाकलं. परतताना तू गाडीत सगळ्यांकडून वदवून घेतलंस की आपल्यातल्या कोणाच्याही घरी काही झालं, चांगलं किंवा वाईट, तर आपण अकराही जण तिथे पोचायचं. मी सर्वांत मोठ्यानं हो म्हटलं होतं. मूर्ख मी.

मग मी रशियात येकातेरिनबुर्गला शिवणाच्या कारखान्यात गेले, आणि त्या फेब्रुवारीत घरून भावाचा फोन आला. "बाबांना जरा बरं नाही, येऊन जा." मी ब्लॉगवर लिहिलं, घरी येतेय, बाबांसाठी लोकरी बनियन घेतलंय, राखाडी घेऊ की तपकिरी यात अर्धा तास घालवला. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटर उघडला. खाली तुझी कॉमेंट होती. "सिर्गा, धीर धर. बाबांना स्वर्गात जागा मिळो, त्यांची माती मऊ असो." आणि तुझ्यामागून एकतीस जण, ओळीनं. त्यांतल्या वीस जणांना मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. शेजारची बाई मला विचारत होती, मीठ देतेस का. मी तिला मीठ दिलं.

तुला मी काय शिकवायचं, नारीनची तू! लांबच्या माणसाला आपण मरणाची बातमी फोनवर देत नाही. बरं नाही म्हणून बोलावतो. तो पोचला की वडीलधारी माणसं त्याच्या दोन्ही बाजूंना बसतात, पाणी जवळ ठेवतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा माणूस लांबून, वळसे घेत, हळूहळू त्याला तिथे आणून सोडतो. पडणार असेल तर धरायला हात असतात. माझ्यासाठी सापारबेक काकांनी दोन दिवस शब्द जुळवले होते. मी दारातून आत गेले, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सुरुवात केली, "पोरी, या जगात जो पाहुणा म्हणून येतो..." मी म्हटलं, "काका, राहू द्या. मी कॉम्प्युटरवर वाचलंय." त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. सत्तर वर्षांचा माणूस, अपराध्यासारखा माझ्याकडे बघत होता. पुढे चार वर्षं जगले ते, पण माझ्या समोर बसले की विषय हवापाण्याचाच काढायचे.

तू मेल पाठवलेस. तीन. "मला वाटलं तुला कळलंय, तू घरी येतेय असं लिहिलंस ना." हेच, हेच मला सहन होत नव्हतं. बनियनाचा रंग विचारणाऱ्या बाईला कळलेलं असतं का गं? एक फोन करून माझ्या भावाला विचारायचं, तिला सांगितलंय का. चार गल्ल्या चालत जायचं. पण नाही, तुला पहिली कॉमेंट टाकायची होती. तुला नेहमीच पहिली कॉमेंट टाकायची असायची.

आता एक गोष्ट कबूल करते, कारण खोटं लिहायचं तर पत्र कशाला. "बरं नाही, येऊन जा" याचा अर्थ आपल्यात कोणाला कळत नाही? मलाही कळला होता. पोटात कुठेतरी कळला होता, आणि तरीही मी दुकानात उभी राहून राखाडी की तपकिरी करत होते. ते दोन दिवस माझे होते, बेगायिम. घरी पोचेपर्यंत बाबा जिवंत ठेवायचा हक्क मला होता आणि तो सगळ्यांनी मिळून मला दिला होता. तू तो एका ओळीत काढून घेतलास.

मी उत्तर दिलं नाही म्हणून तू काय केलंस? मोठा लेख लिहिलास. "इंटरनेटवरच्या मैत्र्या येतात आणि जातात, फार मनाला लावून घेऊ नये." तीनशे लोकांनी वाहवा केली. येतात आणि जातात म्हणे! मी कुठे गेले होते? बाबांनंतर मी नारीन सोडलंच नाही. बाजाराजवळ फोटो आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं, तुझ्या घराकडे जायच्या रस्त्यावर. शिकागोला निघालीस त्या दिवशी तुझी गाडी माझ्या दारावरून गेली. मग हळूहळू सगळेच पांगले. कोणाला पोरं झाली, कोणाला नोकरी लागली, आपल्या अकरांतली 'पहाटेचं धुकं' वारली आणि आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. साइट बंद पडायची होती तेव्हा आठवडाभराची मुदत दिली होती, आपापलं लिखाण उतरवून घ्या म्हणून. चार वर्षांचं लिहिलेलं मी जाऊ दिलं. एकच गोष्ट वहीत उतरवून घेतली, तुझी ती कॉमेंट. तारखेसकट. राग शिळा होऊ नये म्हणून.

आणि मग गेल्या आठवड्यात सोमवारी तुझा भाऊ मेलिस, मला अजून एजे, ताई म्हणणारा, दुकानात आला. हातात तुझ्या आईचा फोटो, पांढऱ्या रुमालातला, तूच कधीतरी ब्लॉगवर टाकलेला. "सिर्गा एजे, हा मोठा करून द्या. भिंतीवर लावायचा आहे." मला विचारावं लागलं नाही. तो म्हणाला, "बेगायिमला सांगितलेलं नाही. आईला जरा बरं नाही, ये, एवढंच म्हटलंय. ती आली की मातीला नेऊ, तोवर थांबू, असं आमच्या काकांनी ठरवलंय." तो गेल्यावर मी तुझं पान उघडलं. तू लिहिलं होतंस : "आईला बरं नाही, घरी निघालेय. तिच्या गुडघ्यासाठी पट्टा घेतलाय, मोठा घेऊ की मध्यम, कळत नव्हतं."

खोटं नाही सांगत, मला आनंद झाला. वही काढली, समोर ठेवली आणि तुझीच कॉमेंट टाइप केली, अक्षरन् अक्षर, फक्त 'सिर्गा'च्या जागी 'बेगायिम' आणि 'बाबा'च्या जागी 'आई'. 'पाठवा' एवढंच दाबायचं राहिलं होतं. समोरच्या टेबलावर प्रिंटरमधून तुझ्या आईचा फोटो बाहेर येत होता. आधी रुमाल आला, मग कपाळ, मग डोळे. ती मला कधी 'उणे तीस' म्हणायची नाही. "थंडीबाई आली, चहा टाका," म्हणायची. तू इथून गेल्यावरही म्हणायची, हे तुला माहीत नसेल. तू गेल्यापासून दर शुक्रवारी मी तिच्याकडे चहाला जात होते. "तिला सांगू नका," अशी मी अट घातली होती, आणि तिनं ती पाळली. तुझ्यावर रागावायला तिनं मला कधी मना केलं नाही. फक्त वाटी भरत राहिली.

मी ती कॉमेंट पुसली. तुझ्यासाठी नाही पुसली, हे नीट लक्षात ठेव.

पुसली आणि वर बघते तर तुझ्या पोस्टखाली एर्निस्तचं नाव. मेल्या कोल्ह्यानं कुठून तरी ऐकून लिहिलं होतं, "दोन वेण्या, तुझ्या आईला स्वर्गात..." माझ्याकडे त्याचा नंबरसुद्धा नव्हता. दुकान उघडं टाकून उलानच्या टायरच्या दुकानापर्यंत पळत गेले, या वयात, या गुडघ्यांनी. उलाननं फोन लावून दिला. मी ओरडले, "पुस ते! आत्ता पुस!" तो म्हणे, "कोण बोलतंय?" मी म्हटलं, "उणे तीस बोलतेय. पुस, नाहीतर तिथे येऊन बोटं मोडीन." पुसलं त्यानं. शिकागोत तेव्हा तू झोपेत होतीस. त्यानंतर मी आणि उलाननं त्याच्या दुकानात बसून एकेकाला शोधलं. आठ वर्षांत कोणी कोणाशी बोललं नव्हतं. एक बिश्केकला अधिकारी झालाय, त्याच्या सचिवानं आधी फोनच दिला नाही. दोन ओशमध्ये, दोन रशियात, एक सोलमध्ये रात्रपाळी करून झोपलेली. सगळ्यांना एकच सांगितलं : गप्प बसायचं. बरी होईल असंही लिहायचं नाही, कारण आपल्याला खोटं नीट लिहिता येत नाही, तिला लगेच कळेल. गावातल्या तुझ्या शाळेच्या पोरींनाही दारोदार जाऊन सांगितलं. आणि तू विमानातून उतरेपर्यंत आम्ही आळीपाळीनं तुझ्या पोस्टवर डोळा ठेवून बसलो होतो. मातीहून परतल्यावर मेलिस मला म्हणाला, "एजे, तिला काहीच माहीत नव्हतं. पिशवीत पट्टा घेऊन उतरली. काकांचं बोलणं शेवटपर्यंत झालं, मावशीनं धरलं." काकांचं बोलणं शेवटपर्यंत झालं, हे ऐकून मी स्वयंपाकघराच्या मागे जाऊन रडले. आपल्या दोघींत एकीला तरी ते मिळालं.

आणि काल तू युर्तच्या दाराशी उभी राहून मावशीला म्हणालीस, "आई आजारी आहे म्हणून लिहिलं, तर अनोळखी हजार जण लिहून गेले. जुन्या ब्लॉगवाल्यांपैकी एकानं दोन शब्द लिहिले नाहीत. कसली ती मैत्री." त्या वाक्यासाठी हे पत्र, बेगायिम. कोणीच काही लिहिलं नाही, बरोबर आहे तुझं. आम्ही उरलेले सगळे मिळून लिहीत नव्हतो. गाडीत तू वदवून घेतलं होतंस ना, कोणाच्याही घरी काही झालं तर सगळ्यांनी पोचायचं? आम्ही पोचलो होतो. मी अजून तुला माफ केलेलं नाही, आणि करीन असंही वाटत नाही. पण वहीतली ती ओळ आता माझ्याकडे ठेवायचं काही कारण उरलं नाही. बारा वर्षं सांभाळली, आता वेळेवर परत करते : बेगायिम, धीर धर. आईला स्वर्गात जागा मिळो, तिची माती मऊ असो.

शुक्रवारी चहाला जायला आता कुठलं घर नसलेली, तुझ्यावर रागावलेली, तुझीच

सिर्गा