खांद्यासाठी दळण

येडशी,
ता. १२ ऑगस्ट १९५९

चि. उत्तरेश्वर यास अक्काचे अ. उ. आशीर्वाद.

इकडं आम्ही खुशाल आहोत. तुझ्या दाजींची स्टेशनावरची रात्रपाळी संपली, त्यामुळं त्यांचं घोरणं आता आमच्या वाट्याला आलंय.

सोमवारी रामलिंगाच्या जत्रेत तुमच्या लोहाऱ्याची बांगडीवाली फातिमाबी भेटली. माझ्या हातात बांगड्या चढवता चढवता म्हणाली, मास्तरांनी पुन्हा घर बसवलं ते लई चांगलं केलं. तुला कुणी सांगितलं असं विचारलं, तर म्हणे सांगायला कशाला पाहिजे, महिना झाला, रोज पहाटं मास्तरांच्या घरात जातं वाजतंय आन् दार आतून लावलेलं असतंय. पुरुषमाणूस काय दळत बसतो व्हय!

उमा गेली त्याला आठ महिने झाले. तू दुसरं लग्न करू नयेस असं मी कधी म्हटलं नाही. उलट मीच दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा तू पाण्याचा तांब्या घेऊन उठून गेलास. मग आता अक्काला चोरून? तुला मी कडेवर वागवलंय. बाई कोण, कुठली, नाव काय, एवढं तरी कळव. साडी घेऊन यायचं की भांडायला यायचं, ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

रागावलेली, तरी तुझीच,
अक्का


लोहारा,
ता. १७ ऑगस्ट १९५९

ती. अक्कास उत्तरेश्वरचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. घरात बाई नाही. दळतो तो मी.

उन्हाळ्यापासून माझा उजवा खांदा आखडला आहे. हात वर जात नाही, फळ्यावर लिहिता येत नाही. हेडमास्तर म्हणाले, दसऱ्यापर्यंत हात उठला नाही तर वर्ग दुसऱ्याला देऊन तुम्हाला कचेरीत बसवावं लागेल. घरी बोलायला कुणी नाही. वर्गही गेला तर दिवस कसा काढायचा, ते मला कळत नाही.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही, रोज अर्धा तास हात गोल फिरवा. माळवदावर उभा राहून फिरवला, तर मी बोलावतोय असं समजून शेजारचे कोंडीराम धावत आले. दुसऱ्या दिवशीही आले. तालमीत गेलो, तर जलील पैलवानानं सगळ्यांदेखत विचारलं, मास्तर, मुद्गल तुम्ही फिरवणार का मुद्गल तुम्हाला फिरवणार? शेवटी घरातल्या जात्याकडं लक्ष गेलं. गिरणीच्या पिठाची विरी जाते, भाकरी तुटते, असं उमा म्हणायची. म्हणून तिनं ते पाथरवटाकडून टाकी लावून घेऊन चांगलं ठेवलेलं होतं. पुरुषानं दळलेलं कुणी बघू नये म्हणून मी दार लावत होतो.

हात कानापर्यंत येऊ लागला होता. पण गावात असं बोलतात हे मला ठाऊक नव्हतं. तुमचं पत्र आल्यापासून दळणं बंद केलं आहे.

दाजींना नमस्कार. राग उतरला असल्यास कळवावं.

आपला,
उत्तरेश्वर


येडशी,
ता. २१ ऑगस्ट १९५९

चि. उत्तरेश्वर यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी रडले, तुझे दाजी हसले, मग मीही हसले. अरे वेड्या, बंद कशाला केलंस? बोभाटा दारामुळं झाला, जात्यामुळं नाही. उद्यापासून दार सताड उघडं टाकून दळ. ज्याला बघायचंय त्याला पोटभर बघू दे. चोरून केलं की लोक चोरीच शोधतात.

दाजींचं पोट बरंच पुढं आलंय. मी त्यांनाही म्हटलं, तुम्हीपण जात्यावर बसा. तेव्हापासून त्यांचं हसू थांबलंय.

अक्कावरची माया आणि दाराची कडी, दोन्ही मोकळी ठेव.

तुझी,
अक्का


लोहारा,
ता. १९ ऑक्टोबर १९५९

ती. अक्कास शि. सा. नमस्कार वि. वि.

उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. तुम्ही सांगितलं तसं केलं. पहिल्या दिवशी मान खाली घालून दळत होतो. कोंडीरामांच्या धुरपदाबाई पाण्याला निघाल्या होत्या. त्यांनी हंडा उंबऱ्यात ठेवून आधी पुरतं हसून घेतलं. मग म्हणाल्या, मास्तर, एवढी मोठी मूठ टाकत्यात व्हय, ह्ये पीठ न्हाय, भरडा झाला. वर म्हणाल्या, जात्याला गाणं लागतं. मला ओव्या येत नाहीत म्हणून औटकीचा, साडेतीनचा पाढा म्हणतो, असं सांगितलं. ते ऐकायला त्यांनी आणखी दोघींना बोलावून आणलं. आता अधूनमधून त्यांची ज्वारीची पाटी माझ्या ओसरीवर असते. तेवढाच मास्तरांच्या खांद्याला हातभार, म्हणतात. फातिमाबीनं आपली बातमी मागं घेतली आहे, पण नाखुशीनंच.

दसऱ्यानंतर शाळा उघडली. फळ्याच्या अगदी वरच्या कडेला तारीख लिहिली. हेडमास्तर दारातून बघून गेले. वर्ग माझ्याकडंच राहिला.

डॉक्टर म्हणाले, आता व्यायाम सोडलात तरी चालेल. मी बरं म्हणालो. पण सोडलेला नाही. जातं खिडकीखाली आहे. दळायचं तर उमा बसायची तिथंच बसावं लागतं. एरवी त्या जागी जाऊन बसायला मला काही निमित्त नव्हतं.

धाकट्यावरची माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला,
उत्तरेश्वर