संगुआन सरांच्या शेजारची जागा

१७ ऑगस्ट
रिटायर व्हायला दीड महिना. आज ऑफिसबाहेरच्या भिंतीवर, जुन्या मुख्याध्यापकांच्या फोटोंच्या ओळीत, शिपायाने माझ्यासाठी खिळा ठोकला. खिळ्याखाली बराच वेळ उभा राहिलो. शेजारी कै. संगुआन सर. पांढराशुभ्र सरकारी युनिफॉर्म, सोनेरी बटणं, छाती पुढे, पोट नाहीच. मुलं अजून त्या फोटोसमोर हात जोडून जातात. शाळेवर नवं छप्पर मी घातलं, पाण्याची टाकी मी आणली, पण टाकीसमोर कोण हात जोडतंय? एक ऑक्टोबरपासून या गावात मी म्हणजे हा फोटो. तो माझ्यासारखा आला पाहिजे, म्हणजे संगुआन सरांपेक्षा बरा. यात गर्व नाही. जबाबदारी आहे.

१८ ऑगस्ट
युनिफॉर्म काढून घालून पाहिला. कॉलर लागत नाही. खालच्या दोन बटणांची आणि काजांची भेटच होत नाही. पावसाळ्यात कापड आटतं. लमोम म्हणाली, अहो, बंद कपाटात कुठून आला पाऊस? द्या इकडे, बगलेत उसवून पट्टी घालते. मी साफ नाही म्हटलं. बायकोने शिवण सैल करायची आणि नवऱ्याने तसंच सुटत जायचं, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. ती म्हणाली, बरं.
संकल्प: आजपासून मठातल्या भिक्खूंसारखं दुपारी बारानंतर काही खायचं नाही.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ
सूप घेतलं. सूप हे पेय आहे. त्यात शेवया होत्या, पण पार तळाशी बुडालेल्या.

२४ ऑगस्ट
मठात गेलो. तिथले भंते माझेच विद्यार्थी, गणितात कच्चे. त्यांना विचारलं, फोटो काढताना चेहऱ्यावर शांती कशी टिकवायची? कॅमेरा दिसला की माझा चेहरा कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखा होतो. भंते म्हणाले, सर, सोपं आहे, श्वासाचं भान ठेवा. पोट फुगलं की मनात म्हणा, फुगतंय. बसलं की म्हणा, बसतंय. मी विचारलं, नुसतं बसतंय, बसतंय असंच ठेवलं तर? भंते खूप हसले. म्हणाले, फुगण्याचं तुमच्या हातात नाही हो सर.
अजून कच्चेच आहेत.

२७ ऑगस्ट
शिक्षकांच्या सभेत साधनेची प्रॅक्टिस केली. मागे टेकून, डोळे मिटून, फुगतंय, बसतंय. उघडले तेव्हा खोली रिकामी, दार अलगद ओढून घेतलेलं. कुणी हाक मारली नाही. माझ्यातला बदल स्टाफच्या लक्षात येऊ लागलाय.

२ सप्टेंबर
निरोपाची भेट म्हणून पालक रोज काहीतरी आणतात. आज डुकराची तळलेली कातडी, मोठ्या दोन पिशव्या. नको म्हटलं तर माणसाचं मन मोडतं. कुरकुरीत होती. प्रत्येक तुकडा पूर्ण भानावर राहून खाल्ला, त्यामुळे अंगी लागणार नाही.

७ सप्टेंबर
दुपारी झोप नीट झाली नाही. लमोमचं शिवणयंत्र चालू होतं. काय चाललंय विचारलं तर म्हणाली, पडद्यांना टीप मारतेय. आम्हाला पडदे आहेत हे माझ्या लक्षातच नव्हतं.

८ सप्टेंबर
लागला! युनिफॉर्म लागला! कॉलर लागली, सगळी बटणं लागली, वर श्वासाला जागा. तीन आठवड्यांच्या तपाचं फळ. लमोमला बोलावून दाखवलं. म्हटलं, बघ, मनावर घेतलं की काय होतं. ती म्हणाली, हो ना. कौतुकाचे दोन शब्द जास्त बोलली असती तर काही बिघडलं नसतं.

१२ सप्टेंबर
फोटोचा दिवस. बाजारात कुआंगशेठचा स्टुडिओ. पूर्ण युनिफॉर्म, पदकं, पांढरे बूट. उन्हातून चालत गेलो, म्हणजे लोकांना बघता यावं.
स्टुलावर बसलो. पाठ ताठ, पोट आत, चेहऱ्यावर शांती. इथे एक अडचण आली, जी भंतेंनी सांगितली नव्हती. पोट आत धरलं की श्वास थांबतो, आणि श्वास थांबला की भान कशाचं ठेवायचं? कुआंगशेठ म्हणाला, सर, सोडा सोडा, जांभळे पडताय. सोडला. तेवढ्यात त्याने बटण दाबलं. झालं म्हणाला.
मी म्हटलं, एवढ्यात? पूर्ण उभं राहून नाही घ्यायचा?
म्हणाला, नाही हो, डोकं तेवढं लागतं. धड माझ्याकडे तयार आहे.
कॉम्प्युटरवर दाखवलं. पांढरा युनिफॉर्म, छाती पुढे, वर काही नाही. त्यावर त्याने माझं डोकं नेऊन ठेवलं. पदकं ज्याची त्याची चिकटवून देतो म्हणे. मी म्हटलं, अरे, मी घालून आलोय! म्हणाला, सगळेच घालून येतात. संगुआन सर तर टोपीसुद्धा घेऊन आले होते.
नीट बघितलं. तेच धड. संगुआन सरांचं, त्यांच्या आधीच्यांचं, सगळ्यांचं. कुणाचं म्हणून विचारलं. म्हणाला, माझ्या मेहुण्याचं. लग्नाआधीचं आहे, आता त्याच्याकडे बघवत नाही.
मी अडून बसलो. म्हटलं, मी देह कमावून आलोय, माझा खरा फोटो काढ. त्याने निमूट काढला. जाकीट सरळ करताना म्हणाला, बगलेतली पट्टी सुरेख बसलीये, कुणाचं काम? म्हटलं, ती मूळचीच आहे.
मग दोन्ही फोटो शेजारी लावले. एकात मी. दुसऱ्यात माझं डोकं आणि मेहुणा. कुठला देऊ, म्हणाला. उद्या सांगतो म्हटलं.

१३ सप्टेंबर
निर्णय झाला. मेहुणा. प्रश्न माझ्या दिसण्याचा नाही, भिंतीच्या शिस्तीचा आहे. चौघे एका मापाचे आणि पाचवा वेगळा, हे मुलांवर बरे संस्कार नव्हेत. शिवाय हे शरीर आपलं नाही, असं भंतेही प्रवचनात म्हणतात. केस थोडे काळे करायला सांगितले, गालही थोडे आत.
लमोमला सांगण्यासारखं यात काही नाही.

३० सप्टेंबर
निरोप समारंभ. भाषणं, हार, रडारड (माझी नाही, डोळ्यात घाम गेला). भिंतीवरचा पडदा बाजूला केला, टाळ्या पडल्या. जिल्ह्याचे साहेब फोटोसमोर हात जोडून म्हणाले, हुबेहूब! तो फोटो संगुआन सरांचा होता.
मग लमोम आली. चष्मा पुसला, ओळ बघितली, शेजारच्या बाईंना म्हणाली, छान आलेत हो हे. तेही संगुआन सरच. मी हळूच म्हटलं, अगं, त्यांच्या शेजारचा. तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. विचारलं, हे अंग कुणाचं? सांगावं लागलं.
ती म्हणाली, आणि तुमचं पोट कुठंय? इतकी वर्षं पहाटे उठून त्या पोटासाठी भात लावला मी. चोरून दुपारभर पट्टी शिवत बसले, नीट लागावं म्हणून. तेवढं एक तर माझं होतं तुमच्यात, ते काढून टाकलंत?
लोक होते, म्हणून हळू बोलली. पट्टी मूळची नाही, हेही आत्ताच कळलं. वाईट वाटलं. खूप वाटलं.

१ ऑक्टोबर
सकाळी समोर लहान वाटीभर भात. स्वतःच्या ताटात नेहमीइतका. म्हणाली, तुम्ही आता कमी खाता ना.
कुआंगशेठकडे धावलो. म्हटलं, तो दुसरा फोटो दे, खरा, भिंतीवर तो लावायचाय. म्हणाला, सर, तो तर तुम्ही मेहुणा निवडलात त्याच दिवशी पुसला, असले कोण ठेवतं?

२ ऑक्टोबर
लमोमला सांगितलं, फोटो पुसला गेला. मला तोच हवा होता हेही सांगितलं. आधी म्हटलं, चूक कुआंगशेठची. मग म्हटलं, नाही, माझी. ती चुलीपाशी गेली, झाकण उचललं आणि पाठमोरीच म्हणाली, भात वाढू का?
वाढ म्हटलं. थांब म्हटलं नाही.