शेजारच्या सीटचा ब्रेक

बाबा,

तुम्ही उठायच्या आत कामाला निघतोय, म्हणून लिहून ठेवतो. काल शिकवणीची गाडी न विचारता समुद्रावर नेली, चुकलंच. कुठे खरचटलेली नाही; मागे वाळू आहे, ती संध्याकाळी झाडतो. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलचा बॅनर जाड्याकडे आहे. त्याची चड्डी लाटेने नेली, मग तो बॅनर गुंडाळूनच घरी गेला आणि 'आत्मविश्वासाने शिका' हे शब्द नेमके ढुंगणावर आले. त्याच्या आईने विचारलं, तर मी गाडीत नव्हतो.

तुमच्या सीटवर शिंपीकाकांची धाकटी बसली होती. तुमचा तो जादा ब्रेक तिच्या पायाशीच. घाटात माझी पाचावर धारण बसली, पण तिने ब्रेकला पाय लावला नाही. म्हणाली, "चालव की, येतंय तुला." बाबा, हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

रविवारी ती जेवायला येतेय. आई गेल्यापासून मी जेवताना तोंड उघडलं, की तुमचा पाय टेबलाखाली ब्रेक दाबतो. रविवारी मला बरंच बोलायचंय. तेवढा एक दिवस खुर्चीवर मांडी घालून बसा.