सकाळचे चार थेंब

१९८६ सालची एक सकाळ. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये यांनी हवेवर चालणारी नट खोलायची गन माझ्या हातात उलटी धरायला दिली आणि पाइप जोडतात त्या तोंडात तेलाचे चार थेंब टाकायला सांगितले.

मी म्हणाले, "कानात औषध घालतात तसंच की हो."

"मग आजपासून डॉक्टरीण तूच," हे म्हणाले.

आमचा फिटर कडूबा पाना पुसत उभा होता. "म्हंजी आमी कंपाउंडर व्हय, साहेब?"

मग तिघांनी स्टोव्हवरचा चहा घेतला. एवढेच. मृत्युपत्र लिहायला बसले आणि आधी हेच आठवले, म्हणून आधी हेच लिहिले.

मी, अंबिका हेमचंद्र पारगावकर, वय ६८, राहणार सिडको, छत्रपती संभाजीनगर, हे माझ्या हाताने, चष्मा लावून, शुद्धीवर राहून लिहीत आहे. कोणाच्या धाकाने नाही. धाक घालायला घरात कोणी नाहीच. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर यांचा पुतण्या लक्ष्मण यास द्यावे. मुलगा भला आहे, फक्त घाई फार. मागच्या पडवीतल्या वस्तू पाहून मला म्हणाला, "काकू, हे भंगार किलोवर जाईल." त्याने भंगारवाल्याला बोलावण्याआधी पुढची कलमे वाचावीत. पडवीतले काहीही त्याचे नाही.

२. बँकेतली ठेव आणि स्वयंपाकघरातली सगळी भांडी यमुनाबाईंना. अकरा वर्षे त्या माझ्याकडे कामाला आहेत. काम संपल्यावरही दहा मिनिटे बसतात, उगीच. त्या दहा मिनिटांची परतफेड भांड्यांनी होत नाही, हे मला कळते.

३. पडवीत छोटा कॉम्प्रेसर आणि सहा हत्यारे आहेत: तीन नटाच्या गन, दोन ग्राइंडर, एक ड्रिल. शेड २०१८ साली सोडली, तेव्हा एवढे घरी आणले. ज्याच्या हाती जातील त्याने काळजी अशी घ्यावी. रोज वापर असेल तर रोज सकाळी, पाइप जोडण्याआधी चार थेंब, मग खटका दाबून काही सेकंद मोकळे चालवायचे, म्हणजे तेल आतल्या पात्यांपर्यंत जाते. दिवसभर सतत चालले तर दुपारी पुन्हा. आमच्याकडे काम बेताचे, सकाळचे पुरत असे. तेल हवेच्या हत्यारांचेच, पातळ. इंजिनाच्या जाड तेलाने पाती चिकटतात. संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीखालची तोटी उघडून साचलेले पाणी सोडायचे, नाहीतर ते हवेबरोबर हत्यारात जाऊन गंज चढतो. वापर बंद असेल तर महिन्यातून एकदा तेल पुरते.

मी बंद हत्यारांना रोज घालते. शेजारचे काकासाहेब एकदा कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, रोज सकाळी कुणाच्या गाडीत हवा भरता?" मी हसले. सकाळी त्या आवाजाखेरीज घरात दुसरा आवाज नसतो.

४. हे कलम नीट वाचावे. शेडमध्ये तेलाचा तक्ता मी लिहीत असे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी वळवलेले माझे अक्षर, त्यामुळे यांचा त्या तक्त्यावर फार विश्वास. सकाळचे तेल माझे. घातले की खूण करायची. संध्याकाळी पाणी सोडायचे काम कडूबाचे.

ऑगस्ट १९९६मध्ये डॉक्टरांनी आम्हाला मूल होण्याची आशा सोडायला सांगितली. त्यानंतरचे चार दिवस मी शेडमध्ये जाऊन नुसती बसले. तेलाची बाटली समोर होती. मी उठले नाही. तक्त्यावर खुणा मात्र रोज केल्या.

पाचव्या दिवशी गन अडकली. उघडली तर आत गंज, पाती तुटलेली. यांनी तक्ता पाहिला. सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "तेल रोज पडलंय. मग गंज कशानं? कडूबा, तू पाणी सोडत नाहीस."

"आईची आन साहेब, रोज सोडतो."

"खोटं बोलू नकोस. आजपासून येऊ नकोस."

कडूबाने आपली पेटी उचलली. जाताना माझ्या टेबलापाशी थांबला आणि फक्त मला ऐकू येईल असे म्हणाला, "वैनी, बाटली सोमवारी होती तेवढीच हाय." एवढे बोलून गेला. मी तक्ता खणात ठेवला. यांनी इतर शेडवाल्यांनाही सांगितले, माणूस कामचुकार आहे. त्याला इथे कोणी घेतले नाही. तो कन्नडला गेला, स्टँडजवळ टायरचे दुकान टाकले.

हे २०१७ साली गेले, खरे न कळता. कडूबा अंत्यविधीला आला होता. निघताना म्हणाला, "वैनी, हत्यारं बंद पडली तरी म्हयन्यातून एकदा तेल घालत जा. नायतर आतून गंजत्यात." माफी मी तेव्हाही मागितली नाही. नंतर दोनदा कन्नडची एसटी धरली. दोन्ही वेळा लांबून पाहिले. तो हातपान्याने, सगळे अंग घालून, ट्रॅक्टरचे चाक खोलत होता. मी परतीच्या गाडीत बसले.

म्हणून इथे लिहिते: कडूबाने पाणी रोज सोडले. तेल मी घातले नाही. खुणा खोट्या होत्या.

५. लक्ष्मणने स्वतः कन्नडला जावे. दुकानात गिऱ्हाइके असतील अशी वेळ, बाजाराचा दिवस, पाहावी आणि कलम ४ मोठ्याने वाचावे. आरोप चारचौघांत झाला होता. कडूबा नसेल तर त्याची बायको भागूबाई हिच्यासमोर वाचावे.

मग कडूबा सांडू जंजाळ यास द्यावे: कॉम्प्रेसर, सहाही हत्यारे, पाइप. ऑगस्ट १९९६चा तक्ता, जो मी जपून ठेवला आहे. त्यातल्या चार खुणा लाल शाईने खोडून मी शेजारी सही केली आहे. आणि तेलाची बाटली. ती देताना काठोकाठ भरून द्यावी. तो आधी तीच पाहील.

सही: अंबिका हेमचंद्र पारगावकर

वरील सही आमच्यासमोर झाली:
१. काकासाहेब भानुदास वाकळे, शेजारी
२. डॉ. बद्रीनाथ गोविंद लोया, सिडको

छत्रपती संभाजीनगर, १४ नोव्हेंबर २०२४