निखिलला आधी ऐकू येतं

गुरुवार, संध्याकाळ. अबू धाबी.

ऑनलाइन गेमच्या टीमसाठी आज नागपूरच्या निखिलची ट्रायल घेतली. डॅमेज आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. बॉसची ढाल उतरायच्या किंचित आधीच याचा मोठा वार सुटलेला असतो, आणि तो वाया जात नाही. टायमिंग कसं जमतं विचारलं, तर म्हणाला, "ताई, मला आधी ऐकू येतं."

मी हसले.

मग त्याच्या माइकमधून अजान ऐकू आली. असेल तिकडे एखादी मशीद. पण ती संपली आणि तोच आवाज, तसाच, आमच्या खिडकीतून सुरू झाला.

त्यानंतर त्याच्याकडे बेल वाजली. चिमणीच्या चिवचिवाटाची, आमचीच. दार उघडलं आणि आईचा आवाज आला, "कौन चाहिए?" कोणीतरी हळूच म्हणालं, "भाभीजी, कंपनी से आया हूँ।"

मी हेडफोन काढून फेकला. आई स्वयंपाकघरात चपात्या लाटतेय. बेल वाजलेलीच नाही.

निखिलला नको म्हणून कळवलंय. त्याने काय फरक पडणार?

बाबा मुसफ्फातल्या कंपनीतून अजून आले नाहीत, फोनही उचलत नाहीत. येतील. पण त्यांच्याकडे किल्ली असते. ते बेल कधीच वाजवत नाहीत.