सासूबाईंचं उखळ

२५ एप्रिल १९९९

उचललं! सासूबाईंचं मसाला कांडायचं लाकडी उखळ परसातून उचललं आणि गोठ्यात कडब्यामागं दडवलं. बूड झिजून आरपार गेलंय, घरात मिक्सर आलाय, मग रडणार कोण? तुणतुण्याला असं आयतं पोकळ लाकूड शोधून सापडायचं नाही.

आधीची दोन करवंटीची केली होती. डास गुणगुणल्यासारखी वाजली!

२८ एप्रिल

पप्पू भावजींच्या लग्नाचं जागरण १६ मेला ठरलं. वाघ्या म्हणून गेणभाऊच येणार. सांगावा घ्यायला आले तेव्हा सहज विचारलं — मी तुणतुणं केलं तर वाजवाल का? चहाच सांडला त्यांचा. "बाईमाणसानं केल्यालं? अवं, देवाम्होरं न्हाई चालत ते!" सगळे फिदीफिदी हसले. आमचे हेसुद्धा!

बघतेच आता. त्याच देवापुढं, त्याच गेणभाऊंच्या हातानं वाजवून घेतलं नाही, तर अंजना नाव लावणार नाही.

३ मे

बाभळीचं लाकूड की दगड! पटाशी बोथट झाली, तळहाताला फोड आले. अंगणवाडी सुटली की मी थेट गोठ्यात. खटखट ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हैस लाथा मारती का गं?"

मारते ना. लई मारते!

९ मे

बुडाला बकऱ्याचं कातडं ओढून बांधलं. तार कुठून आणायची? यांच्या फटफटीच्या क्लचच्या तारेतला एक धागा ओढून घेतला. गाडी चालतेय अजून.

आज सासूबाईंना उखळ आठवलं! "कोन मुडदा घिऊन गेला?" मीही चोराला दोन शिव्या हासडल्या. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला कोण भितंय!

१२ मे

वाजतंय!!

१७ मे

काल गेणभाऊ जेवायला बसले आणि मी त्यांचं तुणतुणं कणगीत टाकलं. मग काय शोधाशोध! शेवटी मीच पुढं झाले — "पावण्यांकडून एक आलंय, चालेल का?"

काय वाजलं म्हणून सांगू! खंडोबाच्या नावानं भंडारा उधळला जात होता आणि माझं तुणतुणं बोलत होतं. मला रडूच आलं. सगळ्यांना वाटलं, डोळ्यांत भंडारा गेला.

सकाळी गेणभाऊ ते सोडेचनात. "लई गोड हाय राव! कारागीर कुठला?"

"इथलाच, कळंबचा. फार लाजरा आहे."

खरं सांगायला जीभ नुसती वळवळत होती. पण सासूबाई शेजारीच बसलेल्या. मग गेणभाऊंचं तुणतुणं कणगीतून काढून हळूच त्यांच्या पिशवीत सरकवलं.

१८ मे

सकाळी मी भाकरी थापत होते. सासूबाईंनी मुसळ आणून माझ्यापुढं आपटलं. मेले, म्हटलं!

"जलम गेला माझा त्या उखळात कांडन्यात. त्येचा आवाज मला वळखू येत न्हाई व्हय?"

त्यांनी मुसळ माझ्याकडं ढकललं.

"ह्याची दांडी व्हईल का बघ. मला बी एक पायजे. आन् गोठ्यात नगं बसू, म्होरं वट्यावर बस. कोन हसतंय ते बघती मी!"